अभिप्रायाच्या वहीतले कवी

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले तेव्हा आमच्या गल्लीत एका निवृत्त शिक्षकांच्या ओटीवर वाचनालय होतं. दोन कपाटं आणि एक नियम. वाचलेल्या पुस्तकावर वहीत दोन ओळी अभिप्राय लिहायचा, तरच पुढचं पुस्तक मिळणार. गुरुजी तो उभ्याउभ्या वाचत आणि मगच कपाट उघडत.

मला पुढच्या पुस्तकाची घाई असे, म्हणून मनात येईल ते लिहून मी मोकळी होई. एका रहस्यकथेवर लिहिलं, 'खुनी कोण ते नवव्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे. ते बरोबर आहे.' दुसऱ्या महायुद्धानंतर कल्याणच्या लष्करी छावणीतून रद्दीत आलेलं एक इंग्रजी चित्रकथांचं पुस्तक होतं. त्यावर, 'यातला माणूस उडतो. शेवटचं पान फाटल्यामुळे अजून उतरलेला नाही.' आणि एका बारीकशा कवितासंग्रहावर, 'कविता फार दुःखी आहेत. कवी यातून वाचले नसावेत.'

हळूहळू लोक पुस्तकं सोडून वहीच मागू लागले. गुरुजींनी तिला पुठ्ठा चढवला, नंबर घातला आणि ती घरी न्यायला द्यायला सुरुवात केली. ती ठाण्यापर्यंत पोचल्याचं आम्हाला कळलं, ते एका रविवारी सकाळी एक वयस्कर गृहस्थ ती काखेत मारून आले तेव्हा.

कवितासंग्रहाच्या नोंदीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे अक्षर कोणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

"मी वाचलो आहे," ते म्हणाले.

गुरुजींनी त्यांना खुर्ची दिली. माझे कान तापले. दुसरा अभिप्राय लिहून देते, असं मी म्हटलं.

"मत राहू द्या. संग्रह निघाल्यापासून एवढं एकच आलंय. फक्त मी आहे, तेवढं लिहा."

मी खाली लिहिलं, 'कवी हयात आहेत. ठाण्याला तळ्याजवळ राहतात.'

महिन्याभराने ते पुन्हा आले, चेहरा ओढलेला. वही वाचून लोक खात्री करायला घरी येत होते. "दारात उभे राहतात, मला बघतात, बरं आहे म्हणतात आणि जातात. कवितांचं कोणी विचारत नाही. दुपारच्या झोपेचं खोबरं झालंय. ती ओळ खोडा."

पण वहीत खाडाखोड गुरुजींना चालत नसे. दोघांनी बराच वेळ विचार केला आणि मला मजकूर सांगितला, 'एक ते चार झोपतात.'

मग लोक चारनंतर जाऊ लागले. त्या वेळी त्यांच्याकडे चहा होत असे, त्यामुळे आलेल्यांना बसावं लागे, आणि बसलेल्यांना कविता ऐकाव्या लागत. दोघंतिघं तर आपणहून पुन्हा गेले, असं गुरुजींनी सांगितलं. कवींनी मलाही निरोप धाडला होता. सासूबाई सोडत नाहीत, असं मी कळवलं. खरं तर सासूबाईच जाऊ या म्हणत होत्या. त्या माणसासमोर जायला माझीच मान वर होत नव्हती.