यमुनक्का आणि चोंदलेलं नाक

यमुनक्का माझ्या दीड महिन्याच्या मुलाच्या नाकाला तोंड लावायची, आतला शेंबूड ओढून घ्यायची आणि मोरीत थुंकायची. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात उपम्याची बशी होती. ती तशीच ओट्यावर ठेवली. सुर्रर्र असा आवाज, मग पचकन थुंकणं, मग पदराने ओठ पुसून त्याच तोंडाने मुलाचा मुका! त्या तोंडात कायम पान. पानसुपारीला ती एलेअडके म्हणायची आणि तिच्या दातांचा रंग बघून मला शिसारी यायची.

"तोंड कशाला वाकडं करता हो?" ती मला म्हणाली. "मगूच्या नाकातलं ते. मगूचं काही घाण असतं, अल्वा?" मगू म्हणजे मूल, अल्वा म्हणजे नाही का. तिच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या म्हैसुरात गेल्या होत्या, त्यामुळे तिचं मराठी असं निम्मं कन्नड होतं.

आम्ही नाशिकचे. म्हैसूरजवळच्या हेब्बाळला कंपनीत नोकरी लागली म्हणून इथे आलो. माझ्या बायकोची, अश्विनीची आई बाळंतपण उरकून परत गेली आणि दुसऱ्याच दिवशी गल्लीतली ही विधवा बाई न बोलावता येऊन दोन्ही पाय पसरून मोरीत बसली. गल्लीतली निम्मी पोरं तिच्याच पायांवर न्हायली होती. मुलाला ती अशी धरायची की ते रडायचंच विसरायचं, हे मला मान्य करावंच लागेल. पण ते थुंकणं मला आठ दिवसांच्या वर सोसलं नाही. "डॉक्टरांनी नको म्हटलंय," असं मी तिला ठोकून दिलं. डॉक्टरांना मी विचारलंही नव्हतं. "बरं मग," म्हणून ती उठली. मोरी मी स्वतः फिनेल टाकून घासली.

त्यानंतर मुलाला सर्दी झाली. नाक गच्च. छातीशी धरलं की दोन घोट घ्यायचं आणि गुदमरून सोडून द्यायचं. भूक लागलेली, पण पिता येत नाही. अश्विनी रडकुंडीला आली. मी कापूर कुटला, इस्त्रीच्या रुमालात त्याची पुरचुंडी बांधली आणि पाळण्याला मुलाच्या तोंडाजवळ लटकवली. पांढराशुभ्र कापूर, धुतलेला रुमाल, घरभर सुवास. मला भारी समाधान वाटलं.

तो वास रस्त्यापर्यंत गेला असावा. यमुनक्का चप्पल न काढता आत आली आणि तिने पुरचुंडी ओढून तोडली, अंगणात भिरकावली. "अय्यो! कापूर देवापुढे जाळायचा. मगूच्या नाकाला बांधतात काय?" मग तिने मुलाचं झबलं वर केलं. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत होता. मी काहीतरी सांगायला लागलो. "मातु बेडा," ती ओरडली, "बोलू नका, रिक्षा आणा!"

डॉक्टरीणबाईंनी मुलाला दिवसभर ठेवून घेतलं. नाकात औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या मीठपाण्याचे एकेक-दोनदोन थेंब टाकले, थोडं थांबून रबरी फुग्याने हलकेच ओढलं आणि मूल प्यायला लागलं. घरीही पाजण्याआधी असंच करा म्हणाल्या, पण फुगा सारखासारखा नको. तेल नको, बाम नको. कापराने तर एवढ्याशा मुलाला झटके येऊ शकतात.

"आणि तोंडाने ओढलं तर?" यमुनक्काने स्वतःहून विचारलं.

"नको अज्जी. मोठ्यांच्या तोंडातले जंतू बाळाला जातात."

तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही सांगितलेलं खरंच की." मी डॉक्टरांची चिठ्ठी खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी ती पान थुंकून, चूळ भरून, साबणाने हात धुऊन आली आणि थेंब कसे टाकायचे ते अश्विनीकडून शिकली. मग ती ज्या ज्या घरी न्हाऊ घालायची तिथे तिथे गेली. "मी इतकी वर्षं चुकीचं केलं. कुणी तोंड लावू नका." एका सुनेने छी म्हणून तिच्या तोंडावर दार लावलं. तेही तिने आम्हाला हसत सांगितलं.

"कशाला सांगत फिरता? तुमच्यामुळे कुणाला काही झालं का?" मी म्हणालो.

"झालं असेल तर मला काय ठाऊक? केलं मी. मग दुसरं कोण सांगणार?"

यमुनक्का आता हासनला मुलीकडे राहायला गेली आहे. ती गेली त्याच आठवड्यात ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा कुलकर्णी म्हणाला, आमची तान्ही मुलगी सर्दीने फार सुरसुरते, पाळण्याला कापूर बांधलाय. मी दचकून उठलो. आत्ता फोन कर, काढून टाकायला सांग, डॉक्टरांकडे ने, सगळं सांगितलं. त्याने फोन केला. मग विचारलं, "तुला कसं माहीत?"

"माझ्या ओळखीत एकाने बांधला होता," मी म्हणालो.

यमुनक्काच्या थुंकण्याची किळस मला अजूनही येते. पण त्या दिवशी जेवणाचा डबा उघडवला नाही, तो स्वतःची किळस आली म्हणून.