ॲलर्जीच्या रकान्यात 'नाही'

सुधाकर गेल्याचा फोन त्याच्याच हॉस्पिटलमधून आला. काचीगुड्याच्या त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यानं एकतीस वर्षं काढली होती, त्यामुळे तिथून फोन येण्याची मला सवय होती. या वेळी बोलणारा दुसरा होता, एवढंच. अंगात ताप, छातीत कफ, बरळत होता म्हणून शेजाऱ्यानं ऑटोत घालून नेलं. चिक्कडपल्लीच्या घरात तो आणि त्याची थोरली बहीण कुसुमताई, दोघंच. ती नेमकी दिलसुखनगरला भाचीकडे गेलेली. ती पोचेपर्यंत पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन झालं होतं. आम्ही शाळेत असताना याच औषधानं तो मरता मरता वाचला होता. बहिणीला हे ठाऊक होतं, मला ठाऊक होतं... शेजाऱ्याला नव्हतं. डॉक्टरनं कंप्युटरला विचारलं. कंप्युटर म्हणाला, ॲलर्जी नाही. हातावर चाचणीचा थेंबसुद्धा टोचला नाही, कारण रेकॉर्ड स्वच्छ होतं.

सुधाकरच्या काळातली रेकॉर्ड्स मुळीच स्वच्छ नव्हती. फाईलच्या आत डॉक्टर लिहायचे, ते औषधाच्या दुकानदाराखेरीज कुणाला वाचता येत नसे. पण खाकी मुखपृष्ठ सुधाकरचं. त्यावर तो लाल बॉलपेननं मोठ्या अक्षरात सूचना लिहायचा. 'पेनिसिलिन नको.' 'डाव्या कानानं बहिरे, उजवीकडून बोला.' 'दारूचं बायकोसमोर विचारू नका.' हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. फाईल काढून देताना खिडकीतून तो प्रत्येकाला मराठीत, दखनीत, तेलुगूत एकच प्रश्न विचारायचा, की बाबा, तुला कुठलं औषध चालत नाही? लोक वैतागायचे. एका बड्या डॉक्टरनं त्याला सर्वांदेखत 'कंपाउंडर' म्हटलं होतं. सुधाकरनं ते मनावर घेतलं नाही. त्या डॉक्टरच्या स्वतःच्या फाईलवर मात्र लिहिलं, 'लवकर चिडतात, आधी बीपी बघा.'

मग नवी प्रणाली आली. तोवर बिलं एका मशीनवर, औषधं दुसऱ्यावर आणि माणसं कागदावर असायची. आता सगळं एकाच पोटात. उद्घाटनाला फीत होती, नारळ होता, आणि मंत्री येणार म्हणून दोन तास खोळंबलेले पेशंट होते. प्रणालीचा नियम साधा होता, सगळे रकाने भरल्याशिवाय बिल निघत नाही. म्हणजे आजार अर्धवट चालेल, रकाना अर्धवट चालणार नाही. जुन्या फायली स्कॅन करायला आलेल्या मुलांनी खाकी मुखपृष्ठं फाडून पोत्यात भरली. सुधाकर साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, मुखपृष्ठाला रकाना नाही. त्यानं भांडून एक मिळवला, ॲलर्जीचा. साहेबांनी तो दिला आणि भरायचं कामही त्यालाच दिलं; निवृत्तीला तीन महिने उरले होते. सगळ्या फायली चढल्याशिवाय सेवामुक्तीचं पत्र मिळणार नव्हतं.

पहिला महिना तो पोती उपसून मुखपृष्ठं जुळवत बसला. संध्याकाळी माझ्याकडे यायचा तेव्हा डोळे लाल, बोटं लाल. रोज किती फायली झाल्या याचा तक्ता भिंतीवर लागायचा आणि त्यात त्याचं नाव सगळ्यांच्या खाली. दुसऱ्या महिन्यात पोती रद्दीत गेली. तिसऱ्या महिन्यात एकदा तो आला, चहा घेतला आणि म्हणाला, "अरविंदा, आज चारशे माणसं निरोगी केली." मी विचारलं, कशी? पन्नास-पन्नास फायली एकदम निवडायच्या आणि एक बटण दाबायचं, की सगळ्यांच्या रकान्यात 'नाही', म्हणाला. मी हसलो. तो हसला नाही... हे मला आत्ता आठवतं. त्या आठवड्यात तक्त्यात त्याचं नाव पहिलं होतं.

हॉस्पिटलनं शोकसभा घेतली. पडद्यावर त्याचा ओळखपत्राचा फोटो ताणून लावला होता, त्यामुळे तो जिवंतपणी कधी नव्हता इतका गुटगुटीत दिसत होता. संचालकांनी त्याला हॉस्पिटलची स्मरणशक्ती म्हटलं. कशानं गेला, हे कुणी बोललं नाही. दोन मिनिटांचं मौन सव्वा मिनिटात उरकलं.

कुसुमताईला मौन नको होतं. तिला एक ओळ दुरुस्त करून हवी होती. ती मला घेऊन रेकॉर्डच्या काउंटरवर गेली आणि तिथल्या मुलीला म्हणाली, त्याला पेनिसिलिन चालत नव्हतं, एवढं लिही. मुलगी वाईट नव्हती. तिनं फाईल उघडली, छापून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "अब नै होता अम्मा. पेशंट गुजर गए तो फाईल लॉक हो जाती."

"मग हे 'नाही' लिहिलं कुणी?" कुसुमताईनं मला विचारलं. "नाव असेल ना त्यावर? बघ."

नाव होतं. प्रत्येक नोंदीखाली ती करणाऱ्याचं नाव छापलं जातं, तारखेसकट. तारीख त्याच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातली होती. कर्मचाऱ्यांच्या फायली त्यानं शेवटी घेतल्या असणार. त्या पन्नासांत आपणही आहोत हे पाहिलं की नाही, कुणास ठाऊक... नाव सुधाकरचं होतं. कुसुमताईला इंग्रजी वाचता येत नाही.

"कंप्युटरनं लिहिलंय," मी म्हणालो.

तेव्हापासून ती रोज सकाळी ओपीडीच्या बाकावर जाऊन बसते. मीच स्कूटरवरून सोडतो. आलेल्या प्रत्येकाला विचारते, तुला कुठलं औषध चालत नाही, आणि बजावते, "खुद बोलो, कंप्यूटर झूठ लिखता. मेरे भाई कू उसीच ने मारा." वॉचमननं दोनदा उठवलं, आता तो दुसरीकडे बघतो. परवा घरी सोडताना ती मागून म्हणाली, "सुधाकरनं असं कध्धी होऊ दिलं नसतं."

मी म्हणालो, "नसतंच."