आवाजाच्या पुढे जाऊन आलेले काका

काही घरांत श्रीखंडाचे रिकामे डबे साठतात, तसे अमेरिकेतल्या चँडलरच्या मिलिंदकाकांकडे डायनिंग टेबलावर किस्से साठलेत. टाकवतही नाहीत आणि एकाचं झाकण दुसऱ्याला बसतही नाही!

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. गेल्या मे महिन्यात माझं मास्टर्स संपलं आणि नोकरी लागली. ती शहराच्या अशा टोकाला, की तिकडे बसच जात नाही. लायसन्स नाही तर नोकरी नाही. आणि ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी दोनदा नापास झालेले! सोमवारी जॉइन व्हायचं होतं, तिसरी टेस्ट शुक्रवारी होती.

काकांचा जन्म इकडचाच. वीस वर्षं त्यांनी एअर फोर्समध्ये सुपरसॉनिक बॉम्बर उडवला. मी टोस्टरमधून ब्रेड उडाला तरी दचकते. त्यामुळे 'बॉम्बर' हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तेव्हा माझ्या कपातला चहा थेट त्यांच्या शर्टवर.

काका शांतपणे खाली बघून म्हणाले, "डायरेक्ट हिट!"

*

"काका, आवाजाचा वेग ओलांडला की आत काय होतं हो?"

"काही नाही. काटा जरासा हलतो. धडाम् होतं ते खालच्या लोकांना. आपण पुढे निघून गेलेलो असतो."

खालच्यांपैकी एका शेतकऱ्याचं एकदा पत्र आलं : तुमच्या आवाजाने माझ्या कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या. साहेबांनी काकांनाच माफी मागायला पिटाळलं. आता, कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, हे काकांच्या आईने, म्हणजे माईंनी, त्यांच्या डोक्यात लहानपणीच पक्कं बसवलेलं. वाटेतल्या दुकानातून काकांनी घाईघाईत काहीतरी घेतलं आणि दार उघडणाऱ्या बाईंच्या हातात ठेवलं.

दोन डझन अंडी!

"मग?" मी घाबरून विचारलं.

"बाई हसल्या. नवरा नाही हसला."

*

माई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. मुलगा बॉम्बर उडवायला निघाला की त्या दारातून एकच सांगायच्या, "सावकाश चालव रे!"

"आणि तुम्ही काय म्हणायचात?"

"हो म्हणायचो. मिलिटरीत ऑर्डरला हो म्हणतात."

लांबच्या फ्लाइटला माई डबाही द्यायच्या. विमानात काकांच्या पाठीमागे बसायचा गॅरी, यंत्रं सांभाळायला. एकदा तासन्‌तास उडल्यावर काकांनी डबा उघडला, आणि हेडफोनमध्ये गॅरी ओरडला, "मागे काहीतरी जळतंय!" (गॅरी अर्थात इंग्रजीत ओरडला. मी मराठीत सांगतेय.) लगेच सगळ्यांनी ऑक्सिजन मास्क चढवले. धूर-वासाची चेकलिस्ट निघाली. पहिली पायरी, दुसरी, तिसरी... चौथीला काकांची ट्यूब पेटली.

"गॅरी, थांब. तो माझ्या आईचा ठेचा आहे."

पुढच्या फ्लाइटला विमानाजवळ पोचताच गॅरीचा पहिला प्रश्न, "फायर आणलीस का?"

माई अजून म्हणतात, "मिरच्या जरा जास्तच भाजल्या गेल्या होत्या त्या दिवशी."

*

गॅरी आता दोन गल्ल्या पलीकडे राहतो आणि रविवारी सकाळी पोह्यांना हजर असतो. चेकलिस्टच्या बाबतीत हा माणूस भयंकर कडक. तो एकेक वाक्य वाचणार, काकांनी त्या त्या बटणाला हात लावून उत्तर द्यायचं. हजार वेळा केलेलं असलं तरी! एकदा काकांनी हात न लावताच पाठ म्हटल्यासारखं "ऑन" म्हटलं. गॅरी वाचायचा थांबला. "हात लाव."

काकांनी वैतागून हात लावला. बटण ऑफ होतं.

हे सांगताना दोघंही हसत नाहीत. माई पोहे वाढतात.

गॅरीला मागून पुढचं काहीच दिसायचं नाही. विमान टेकलं की त्याला पाठीने कळायचं, आणि तो लगेच हेडफोनवर शेरा मारायचा. "आई गं!" वगैरे अर्थाचा. एकत्र उडलेल्या अकरा वर्षांत काकांना त्याच्याकडून एकच शाबासकी मिळाली. रनवेवर विमान टेकलं, पळालं, थांबायला आलं, आणि मागून आवाज आला, "उतरलो का आपण?"

"मेडल्स आहेत कुठेतरी गॅरेजमध्ये," काका म्हणतात. "पण हे खरं."

*

आता माझं ऐका. पहिल्या टेस्टमध्ये परीक्षक शिंकले आणि मी हिरव्या सिग्नलला कचकन ब्रेक मारला. दुसऱ्यांदा त्यांनी नुसतं "गुड मॉर्निंग" म्हटलं, मी वायपर चालू केले. ॲरिझोनाच्या वाळवंटात! कोरड्या काचेवर!

मग काका शिकवायला बसले. स्वतः गाडी इतकी हळू चालवतात, की मागे रांग लागते. "काका, तो हॉर्न वाजवतोय हो!"

"वाजवू दे. मी आवाजाच्या पुढे जाऊन आलोय. तिथे काही नसतं."

माझ्या पहिल्याच लेफ्ट टर्नला (इकडे तोच अवघड, समोरून येणाऱ्या गाड्या ओलांडून वळायचं) मात्र त्यांनी खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. "काका, तुम्ही घाबरलात?"

"नाही गं. हात लावून बघतोय, आहे ना जागेवर!"

*

शुक्रवारी निघताना माईंनी दारातून सांगितलं, "सावकाश चालव गं!" मी हो म्हटलं.

परीक्षक बाई शेजारी बसल्या. मी पुटपुटत एकेका गोष्टीला हात लावला : आरसा, बेल्ट, गिअर. बाई बघत राहिल्या. निम्म्या वाटेत मागच्या ट्रकने असा हॉर्न मारला, की मी सीटवरून उडाले. पाय मात्र हलला नाही. "तिथे काही नसतं," मी मराठीत म्हणाले.

"एक्स्क्यूज मी?"

"चेकलिस्ट, मॅम."

दहा मिनिटांनी पासचा कागद माझ्या हातात होता. माझा विश्वास बसेना, म्हणून मी त्यालाही हात लावून बघितला.

काका आणि गॅरी पार्किंगमध्ये उभे होते. काकांनी सवयीने माझ्या शेजारचं दार उघडलं, गॅरीकडे पाहिलं, आणि ते दार पुन्हा बंद केलं. दोघंही मागे बसले. गॅरीने बेल्ट लावला आणि डोळे मिटून घेतले.

वाटेत चार लेफ्ट टर्न, एक शाळा, एक कचऱ्याचा ट्रक. घराच्या ड्राइव्हवेवर मी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि आरशात पाहिलं.

गॅरीचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"उतरलो का आपण?"