मुहूर्ताला डंक चालवणारी सुपडामावशी

सुपडामावशी हाताने ऐकत. दार वाजलेलं त्यांना भिंतीला टेकवलेल्या तळव्याला कळे, कुकरची शिट्टी ओट्यावर ठेवलेल्या बोटांना कळे, आणि समोरचा माणूस थाप मारतोय हे कळायला तर त्यांना हातही लागत नसे. नंदुरबारच्या बाजारपेठेमागे, आमच्या गल्लीत, त्यांचा डंक होता. डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. लोखंडी मुसळं विजेवर वर-खाली होतात आणि खालच्या उखळात मिरची, हळद, धणे कुटले जातात. तीस वर्षं त्या धडधडीशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले होते. कोणी त्याबद्दल हळहळलं की त्या हातातली चाळणी दाणकन आपटत. “कान गयात ते गयात. हात शेतस ना मन्हा!” हळहळणारा माणूस गुपचूप आपली मिरची घेऊन जाई.

मी साताऱ्याकडून इथल्या कॉलेजात शिकवायला आले आणि डंकाला लागून असलेली खोली भाड्याने घेतली, तेव्हा माझ्याबरोबर चिंगी होती. तपकिरी रंगाची, गावठी, एक कान कायम पडलेली कुत्री. मावशींनी आधी तिचं नाव विचारलं, मग ती काय खाते ते विचारलं, मग तिला लस कधी दिली ते विचारलं. माझं नाव विचारायचं राहूनच गेलं. मी त्यांची शेवटपर्यंत ‘म्याडम’च राहिले.

पहिल्याच दिवाळीत मी शहाणपणाचा कळस केला. लक्ष्मीपूजनाला आमच्या प्राचार्यांकडे बोलावणं होतं. फटाक्यांना घाबरून चिंगी पळू नये म्हणून मी नवी साखळी आणली, मागच्या पडवीत तिला नीट बांधलं, शेजारी पाणी, पोळी, माझी जुनी चादर, सगळं ठेवलं आणि नटूनथटून निघून गेले. दीड तासाने परत आले तर साखळीच्या टोकाला नुसता पट्टा लोंबत होता. पट्ट्यात तिचे केस अडकले होते आणि थोडं रक्तही होतं. मी धुरातून हाका मारत तीन गल्ल्या पालथ्या घातल्या. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांना विचारलं. एकाने सांगितलं, “म्याडम, कुत्रा फिरतस का आज? त्या सुपडामावशीकडे पाहा.”

आणि खरंच डंक चालू होता. लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताला! दार ढकलून आत गेले तर खिडक्यांना गोधड्या ठोकलेल्या, दिवा मंद, एका कडेला पाण्याची घमेली, आणि पोत्यांच्या आडोशाला गल्लीतली आठ कुत्री अंग मुडपून पडलेली. थप्पीवर एक मांजर बसलं होतं आणि सगळ्यांत मागे, भिंतीच्या सांदीत, माझी चिंगी. मी रडत तिला ओढून काढायला गेले तर मावशींनी माझ्या हातावर फटका मारला.

“वढू नको! ती जागा तिनी निवडेल शे. भ्यायेल जीवले त्यानी जागावरथून काढानं नही.”

मग माझा हात धरून त्यांनी चिंगीच्या बरगड्यांवर ठेवला. बाहेर कुठेतरी बॉम्ब फुटला. डंकाच्या आवाजात मला तो अर्धाच ऐकू आला, पण हाताखालचं काळीज असं उसळलं की मीच दचकले. “तुले फटाका कानमा वाजस,” मावशी म्हणाल्या, “इले आठे वाजस. आते सांग, बहिरं कोन शे?” मी ओढणं सोडून तिथेच फरशीवर बसले.

डंकाचं कारण त्यांनी मला दुसऱ्या दिवशी समजावून दिलं. गल्लीतली बहुतेक कुत्री त्यांच्याच मागच्या अंगणात जन्मलेली. डोळे उघडायच्या आधीपासून ती धडधड ऐकत झोपलेली. फटाका कधी फुटेल ते सांगता येत नाही, डंकाचा ठोका मात्र वेळेवर येतो, म्हणून त्याच्या आडोशाला जनावर शांत राहतं. चिंगी सहा महिने भिंतीपलीकडे तोच ठोका ऐकत होती, तेव्हा पट्ट्यातून मान सोडवून ती बरोबर तिथेच गेली. माझ्या साखळीबद्दल त्यांचं मत एका वाक्यात आटोपलं. “बांधेल जनावरले दोन भेव ऱ्हातस, एक आवाजनं अन् एक साखईनं.” ती साखळी मी त्याच दिवशी भंगारात दिली.

पुढच्या वर्षापासून मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले. दोन दिवस आधीच मिरची बंद. मुसळं, उखळ, फरशी, भिंती तीन-तीनदा धुवायच्या. मग मावशी, सत्तरीच्या बाई, नऊवारीचा काष्टा खोचून चक्क फरशीवर पालथ्या पडत आणि कुत्र्याच्या उंचीला नाक नेऊन खोल श्वास घेत सगळी खोली हुंगत. शिंक आली की माझ्याकडे बादली सरकवत. एका वर्षी त्यांना सात वेळा शिंका आल्या आणि माझी कंबर धरली. उखळ रिकामं ठेवून चालत नाही, लोखंडावर लोखंड आपटतं, म्हणून त्यात धणे घालायचे. सगळ्यांना दुपारीच लांब फिरवून आणायचं, चारलाच जेवू घालायचं, पाचला दार लावायचं. आत गेल्यावर कोणाला कवटाळत बसायचं नाही, ‘अगं बाई, घाबरलीस का’ असले लाड करायचे नाहीत. आपलं रोजचं काम रोजच्यासारखं करत राहायचं. “तू घाबरनी ते त्या म्हनतीन, खरंच काही तरी शे,” असं त्यांचं म्हणणं.

आता यात वाईट काय, असं कोणालाही वाटेल. पण आमच्या गल्लीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तराजूसुद्धा हलत नाही. यंत्रांना हार घालून, हळदकुंकू लावून गप्प बसवतात. त्या घटकेला कामाचा खडखडाट करणं म्हणजे दारात आलेल्या लक्ष्मीला हुसकावणं. आणि समोरच होती शेठजींची धान्याची पेढी. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, शेठजी मात्र जन्माने आणि जिभेने नंदुरबारचेच. माणूस तसा भला, अडल्यानडल्याला उभा राहणारा. पण मुहूर्ताला त्यांच्या दारात लागणारी फटाक्यांची लांबच लांब लड म्हणजे गल्लीची शान होती, आणि तिच्यासमोर एक बहिरी बाई दरवर्षी धणे कुटत होती. तिसऱ्या वर्षी ते चार माणसं घेऊन आले. मावशींना ओठ वाचता यावेत म्हणून ते मोठ्याने आणि सावकाश बोलत होते.

“मौसी, वरीसमा एक दिन! मुहूर्तना टाईमले मशीन बंद ठेवा. असा खडखडाटमा लक्ष्मी दारवरथून पलटी जाई.”

“तुम्हनी लडना धडाकामा ती घरमा येस,” मावशींनी पदराने हात पुसले, “अन् मन्हा डंकना आवाजले भ्याईसन पयी जाई? इतली भित्री शे का लक्ष्मी?”

मागे उभं असलेलं कोणीतरी हसलं. शेठजींचा चेहरा उतरला. “तुमले ते काही ऐकू येस नही, मौसी. मंग तुमले काय तरास?”

“माले काय तरास? मन्हाकडे नऊ जन शेतस, त्यास्ले इचारा. या, हात लावा.” असं म्हणून त्यांनी खरोखरच शेठजींचं मनगट धरलं. शेठजींनी ते सोडवून घेतलं आणि मंडळी परत गेली.

त्या संध्याकाळी बरोबर मुहूर्ताला डंक बंद पडला. मुसळं अर्ध्यावर येऊन थांबली, दिवा गेला. मावशींना ते तळपायांतून कळलं. मी मोबाइलचा उजेड पाडला, तोवर त्या दारातून डोकावून आल्या. सगळी गल्ली रोषणाईने झगमगत होती. आमचं तेवढं दार काळं होतं.

“वीज नही गयी,” त्या म्हणाल्या. “फ्यूज कोनी तरी काढेल शे.”

तो कोणी काढला ते मला माहीत आहे. नाव सांगत नाही. ते गृहस्थ अजूनही मला नमस्कार करतात. एवढं सांगते की ते शेठजी नव्हते, पण शेठजींना ठाऊक नव्हतं असंही मी म्हणणार नाही. माझं डोकं भणभणलं. मी बाहेर फ्यूजच्या खांबाकडे धावणार तेवढ्यात मावशींनी मला दाराशी दाबून बसवलं. “दारले पाठ लाईसन बस. दार उघडनं ते सगया पयतीन. फ्यूज काढा, जाऊ दे. मन्हा हात कोन काढी?”

बाहेर लड पेटली. दहा पावलांवर. चिंगी दाराच्या फटीत पंजे खुपसून फळी ओरबाडू लागली. गल्लीतली लंगडी कुत्री भिंतीवर धडका घेऊ लागली. पाण्याचं घमेलं उलटलं. ही खोली फुटली तर नऊ जनावरं त्या धुरात, त्या रस्त्यावर जाणार, आणि त्यांतली किती परत येणार हे मी पहिल्या वर्षीच्या पट्ट्यावरून ओळखून होते. मावशींनी कोपऱ्यातलं दगडी उखळ ओढलं. त्यांच्या सासूच्या वेळचं लाकडी मुसळ काढलं. ओंजळ ओंजळ धणे टाकले आणि कुटायला सुरुवात केली. डंकाचाच ठोका. तितकाच वेग, तितकंच अंतर. तीस वर्षांत तो त्यांच्या अंगात इतका भिनला होता की ऐकू न येताही तसूभर चुकत नव्हता. फक्त आवाज लहान होता, म्हणून त्या आणखी जोराने हाणत होत्या.

कुत्री लगेच शांत झाली असं म्हटलं तर ते खोटं होईल. लंगडी शेवटपर्यंत कापतच होती. पण धडका थांबल्या. थोड्या वेळाने चिंगीने दार सोडलं आणि उखळाजवळ येऊन पोट जमिनीला टेकवलं. मावशींच्या पाठीचं लुगडं घामाने भिजलं होतं. मी म्हटलं, मला द्या. त्या म्हणाल्या, तू दार सोडू नको. तेवढ्यात माझ्या पाठीला दारावरची थाप कळली. फटीतून पाहिलं तर शेठजींची सून, गल्लीची भाभी. पूजेचा जरीचा शालू, नाकात नथ, डोक्यावर पदर. मला वाटलं, आता ही सासऱ्यांचा निरोप घेऊन आली. मी दार जेमतेम किलकिलं केलं, ती आत सरकली, तिने दार लावलं, हातभर बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि भिंतीला टेकलेलं दुसरं मुसळ उचललं.

“मौसी, लहानपणी मी आजीबरोबर बाजरी कुटली आहे,” ती म्हणाली. मावशींनी तिचे ओठ पाहिले आणि अर्धं उखळ तिला दिलं. एक मुसळ वर, एक खाली. साडेनऊ वाजेपर्यंत, शेवटची लड विझेपर्यंत, त्या दोघी कुटत होत्या, आणि मी, नऊ कुत्री व एक मांजर गप्प बसून होतो. मी आयुष्यात पुष्कळ पूजा पाहिल्या, पण मला हात जोडावेसे वाटले ते त्या संध्याकाळी.

पाडव्याच्या सकाळी मावशींच्या तळव्यांना फोड आले होते. तरी त्यांनी धण्याच्या पुड्या बांधल्या आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन दिल्या. एकही घर वगळलं नाही. फ्यूजवाल्यांच्या दारात तर जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. “ल्या. यंदाना धना हातकुट शे. फ्यूज काढनारना उपकार!” शेठजींनी पुडी घेतली. त्या वर्षी गल्लीतल्या आमट्यांना काय वास होता म्हणून सांगू!

यंदा वैशाखात मावशी गेल्या. दुपारच्या जेवणानंतर जरा पडते म्हणाल्या आणि उठल्या नाहीत. मुलगा सुरतेहून आला, सगळं करून परत गेला. जाताना डंकाची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, “आईनं सांगेल व्हतं, म्याडमले दे.” मला रडू आवरेना. इतकं भांडखोर, इतकं आडमुठं आणि इतकं माझं माणूस मला या परक्या गावात दुसरं भेटलेलं नव्हतं.

गल्लीने शोकसभा ठेवली. मधोमध सतरंजी, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. शेठजी अध्यक्ष होते. ते मनापासून बोलले, आवाजही भरून आला होता. “सुपडामौसी म्हणजे गरीब गाय,” ते म्हणाले. “जन्मात कधी कोणाच्या विरोधात गेल्या नाहीत. कोणाचं मन दुखवलं नाही.” माणसं माना डोलवत होती. ज्यांनी फ्यूज काढला तेही डोलवत होते. मेलेल्या माणसाला गोड करून टाकलं की त्याच्याशी भांडायचं काम उरत नाही. मला ते सहन झालं नाही. मी उठून उभी राहिले.

“त्या गरीब गाय नव्हत्या,” मी म्हणाले. “त्या या गल्लीच्या विरोधात दरवर्षी गेल्या. आपल्या सगळ्यांचं मन त्यांनी दुखवलं, माझं तर पहिल्याच दिवशी, आणि दर वेळी त्यांचंच बरोबर होतं. येत्या लक्ष्मीपूजनाला मुहूर्तावर डंक चालू होईल. किल्ली माझ्याकडे आहे. कोणाला फ्यूज काढायचा असेल तर खुशाल काढा. मी मुसळं आणून ठेवली आहेत. आता चार झालीत.”

शेठजी सतरंजीकडे बघत राहिले. बायकांच्या बाजूला भाभी डोक्यावर पदर घेऊन, सासऱ्यांसमोर मान खाली घालून बसली होती. तिने मान वर केली नाही. पण तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत स्पष्ट गेला.

“पाच,” ती म्हणाली. “एक मी माहेराहून मागवलंय.”