ट्यूबची पट्टी

किसन मिस्त्री दुरुस्त केलेली गाडी त्याच दिवशी कधीच देत नसत. वारंगा फाट्यावरच्या त्यांच्या पत्र्याच्या दुकानात डिस्क ब्रेकची मोटारसायकल आली, की ते आधी तेलातली हवा काढत. मग लिव्हर दाबून ट्यूबच्या रबरी पट्टीनं मुठीला बांधून टाकत आणि चाकाखाली कागद अंथरत. दुसऱ्या दिवशी पट्टी सैल निघाली किंवा कागदावर थेंब दिसला, तर गाडी पुन्हा खोलायची. "हवा दबते, तेल दबत न्हाई," ते म्हणत. "अन् घाई हवेला नसते, गिऱ्हाइकाला असते."

घाई मला होती. डोंगरकड्याला आमच्या मजूर संघटनेची सभा होती आणि संघटनेच्या गाडीचा ब्रेक स्पंजासारखा दबत होता. मिस्त्रींनी हवा काढली, लिव्हर कडक झालं. तरी त्यांनी ते दाबून धरलं, तर हळूच खाली सरकलं.

"लिव्हरजवळचं वायसर गेलंय वाटते, दाब टिकत न्हाई. उद्या ने."

"माणसं खोळंबून राहिलीत तिकडं, मिस्त्री."

"मंग येष्टीनं जा, पोरा," म्हणत त्यांनी लिव्हर पट्टीनं मुठीला बांधलं.

मजुरी वाढवायला हे थांबवून ठेवतात, असं मी चार गिऱ्हाइकांसमोर बोललो. पट्टी सोडली आणि माझा मित्र भीमराव याला मागं बसवून निघालो. डोंगरकड्याच्या अलीकडं म्हैस आडवी आली. लिव्हर थेट मुठीला टेकलं. मला खरचटलं, भीमरावच्या मांडीचं हाड मोडलं.

त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं: 'ब्रेकच्या नावाखाली जिवाशी खेळ'. संताप माझ्याकडं तयारच असे, फक्त नाव घालायचं बाकी राही. या वेळी किसन मिस्त्रींचं घातलं. फाट्यावरच्या प्रत्येक हॉटेलात पत्रक वाटलं. महिनाभरात त्यांच्या दुकानासमोर गाड्या दिसेनात.

प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या भीमरावनं ते वाचलं. "भाषा जोरदार हाय तुही. पण पट्टी तू सोडलती. ते काहून न्हाई लिहिलं?"

मी दुकानात गेलो. एकच गाडी उभी होती. चाकाखाली माझंच पत्रक होतं, छापील बाजू खाली.

मिस्त्रींनी माझी नजर पाहिली. "कागद चांगला हाय. कोऱ्या बाजूवर थेंब लगेच दिसते."

"मी दुसरं पत्रक काढतो. खरं लिहितो."

"कागद नगं. हाटेलात बसतो न तू? तिथं तोंडानं सांग."

हॉटेलात रोज बसलो. रोज उद्यावर ढकललं. ठेकेदाराला भर चौकात सुनावणारा मी, चहाच्या टेबलावर माझी जीभ उचलली नाही. दिवाळीनंतर मिस्त्री दुकान मोडून तांड्यावरच्या लोकांबरोबर ऊसतोडीला गेले. पुन्हा फाट्यावर दिसले नाहीत.

पट्टी मी सोडली होती. मिस्त्रींनी कागद नको म्हटलं होतं, आणि मी पुन्हा कागदावरच सांगतोय.