पुणतांब्याचा सर्व्हर

श्रीरामपुरात माझं घरांचे नकाशे काढून देण्याचं छोटं ऑफिस आहे. माणसं तीन. इंजिनियर मी, नकाशे काढणाऱ्या मॅडम, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजून त्याच्या सोयरिकी काढणारे माझे वडील. वडिलांना कुणी नेमलेलं नाही. पण सकाळी कुलूप तेच उघडतात आणि संध्याकाळी तेच लावतात, त्यामुळे मालक कोण हा प्रश्न आमच्याकडे कधी निघालेला नाही.

आमच्या फायली तेव्हा पेनड्राइव्हवर फिरायच्या. 'फायनल', 'नवीन फायनल', 'हेच फायनल' अशी त्यांची नावं. बेलापूरच्या एका गिऱ्हाइकाला मी घाईत भलतीच फायल दिली आणि मिस्त्रीनं जिना थेट देवघरात उतरवला. तेव्हापासून मॅडम म्हणत होत्या, "सर, एकदाचा सर्व्हर घ्या, सगळं एका जागी राहील." मी म्हणायचो, बघू. आणि आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं.

मग मॅडमच्या आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पुणतांब्याच्या घरात या दोघीच, आणि घर चालायचं मॅडमच्या पगारावर. एका सकाळी त्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "सर, मी नोकरी सोडते." एक तर त्यांच्यावाचून ऑफिसचं पान हलत नव्हतं, आणि नोकरी सोडून त्या खाणार काय?

"सोडायचं नाव काढू नका," मी म्हणालो. "घरून काम करा. सर्व्हर घेतो."

नगरहून कॉम्प्युटरवाला आला. त्यानं दोन वाटा सांगितल्या. एक, फायली इंटरनेटवर परक्या कंपनीकडे ठेवायच्या आणि महिन्याला भाडं भरायचं. दुसरी, आपलाच सर्व्हरचा डबा घ्यायचा, त्यात दोन डिस्क, एक बिघडली तर दुसरीत सगळं शाबूत. वडील लक्ष देऊन ऐकत होते.

"आपलं सामान दुसऱ्याच्या घरात, आन् वर भाडंबी आपुनच भरायचं? आमी न्हाई असला धंदा केला," ते म्हणाले. "डबाच घ्या. पर मला एक सांगा, पयली बिघडनार हे म्हाईत हाय, तर दोन्ही दुसऱ्याच का न्हाई घेत?"

कॉम्प्युटरवाल्यानं चहा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

डबा आला, कोपऱ्यातल्या मांडणीवर बसला. वडिलांनी त्याला हळदीकुंकू लावलं. मॅडमच्या घरी गावातलं इंटरनेट होतंच. आई जागी झाली की हात रिकामा राहत नाही, म्हणून त्या पहाटे उठून काम करणार होत्या. पहिल्याच दिवशी सकाळी त्यांचा फोन, "सर, फायली दिसतच नाहीत." मी ऑफिसात येऊन बघतो तर डबा छान चालू. दुसऱ्या दिवशीही तेच. मी कॉम्प्युटरवाल्याला वाटेल ते बोललो. त्यानंही ऐकून घेतलं बिचाऱ्यानं.

चोर घरातच होता. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी मेन स्विच खाली पाडायचा आणि देवाच्या फोटोला हात जोडायचे, हा वडिलांचा दुकानदारीच्या दिवसांपासूनचा नेम. मी लाल अक्षरांत पाटी लावली : मेन बंद करू नये. त्या संध्याकाळी मेन पुन्हा बंद.

"अहो अण्णा, पाटी वाचली नाही?"

"मेन पाडल्याव अंधार हुतो. अंधारात पाटी दिसंल का?"

शेवटी वायरमनला बोलावून डब्याला वेगळी लाइन ओढली, वेगळं बटन दिलं. दुसऱ्या दिवशी वडील कौतुकानं सांगतात, "अरे, एक बटन चालूच राह्यलं हुतं, बरं मी बघितलं!" मी कपाळावर हात मारला. तिकडे मॅडमची पहाट रोज वाया जात होती. चौथ्या की पाचव्या दिवशी त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "राहू द्या सर. माझ्यापायी किती खटाटोप करणार? दुसरं कुणीतरी बघा."

ते ऐकून वडिलांचा चेहरा उतरला. रात्री ताटावरून उठता उठता त्यांनी विचारलं, "तिच्याकडं लाइट जाती का रं?"

जाते, पण घरातलं काही बंद पडत नाही, मी सांगितलं. आईला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आहे, तिचा पंप अखंड चालतो. त्यासाठी त्यांनी मोठा इन्व्हर्टर घेतलाय.

"मंग डबा तिकडंच न्या की! तिथं कोन मेन पाडतंय?"

मी हसायला तोंड उघडलं, पण बोलणं बरोबरच होतं. कॉम्प्युटरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, चालेल की, तुमच्या चालू कामांची एक प्रत श्रीरामपुरात राहील. झालं! वडील डबा मांडीवर घेऊन, अंडी न्यावीत तसे गाडीत बसले आणि पुणतांब्याला पोचवून आले.

तेव्हापासून आमचं ऑफिस पुणतांब्याहून चालतं. वडील रोज कुलूप उघडलं की आधी तिकडे फोन लावतात. "पोरी, डबा बरा हाय ना? लाइट हाय? आई जेवल्या का? काय भाजी केली?" डब्याची चौकशी पहिल्या वाक्यात संपते, फोन काही संपत नाही. मी चेष्टा करतो, सर्व्हरला भाजी कसली विचारता? ते मान्य करत नाहीत; फोन डब्यासाठीच, म्हणतात.

गेल्या महिन्यात कॉम्प्युटरवाला पुन्हा आला. आता इंटरनेटवर जागा स्वस्त झालीय, म्हणाला, डब्याची भानगडच नको. मलाही पटलं. मॅडमच्या डोक्याचा ताप जाईल म्हणून मी खुशीत फोन केला. "नोकरी आहे तशीच राहील. फक्त डबा परत आणू. लाइट आहे का, डब्याचा पंखा फिरतोय का, सगळी कटकट संपेल तुमची."

पलीकडे गादीच्या पंपाची घरघर ऐकू येत होती.

"सर," त्या म्हणाल्या, "आईला बोलता येत नाही. दिवसभरात माझ्याशी बोलणारा तुमच्या अण्णांचा तेवढा एक फोन असतो. डबा नेलात, तर ते कशाला फोन करतील?"

मी म्हणालो, "मॅडम, डबा राहू द्या तिथंच." आणि कॉम्प्युटरवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.