वन्संचा बुधवार

माझ्या नणंदेला 'नाही' म्हणायला आवडतं. भाजीवाल्याला नाही, डॉक्टरला नाही, आणि स्थळ घेऊन आलेल्या आत्याबाईंना तर असं नाही म्हणाल्या की आत्याबाई पुन्हा आमचा उंबरा चढल्या नाहीत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "तिच्या वाटेला जाऊ नकोस. ती बोलते ते बहुतेक वेळा खरं असतं, हाच तिचा दोष." मी त्यांना वन्सं म्हणते. तोंडावर अहोजाहो, आणि मनातल्या मनात कितीदा तरी अगंतुगं.

वन्सं बालवर्गाला शिकवतात. चार-पाच वर्षांची पोरं, अजून नाक पुसायचं कशाने हेही ठरलेलं नसतं. शाळा आमच्याच गल्लीच्या टोकाला. खाली रंगाचं दुकान, वर वर्ग. जिन्यात बारा महिने टर्पेंटाइनचा वास. वन्संच्या वर्गाला खिडकी एकच, आणि ती उघडली की हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. "यांना जग दाखवायचं म्हणजे आधी ती भिंत फोडायला हवी," असं वन्सं वर्षानुवर्षं कुरकुरायच्या. शेवटी त्यांनी भिंत सोडून दिली आणि एक जुना लॅपटॉप घेतला.

शिक्षकांच्या कुठल्याशा ऑनलाइन प्रशिक्षणात त्यांची एका दूरच्या देशातल्या बालवर्गाच्या शिक्षिकेशी ओळख झाली. आमच्या घरात त्यांचं नाव पलीकडच्या बाई. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मध्ये फोन ठेवायचा, बोलायचं, आणि फोन जे काही भाषांतर करून बोलेल ते मुकाट्याने ऐकायचं. अशाच बोलण्यातून ठरलं, की दर बुधवारी दोन्ही वर्ग समोरासमोर बसवायचे. इथली पोरं तिथल्यांना गोष्ट सांगतील, तिथली इथल्यांना.

गल्लीतल्या फोटोवाल्याने प्रोजेक्टर दिला. पडदा नव्हता. वन्सं माझ्याकडे आल्या. मी शिवणकाम करते, म्हणजे कापड सगळं माझ्याकडेच असतं असा घरातल्यांचा समज आहे.

"अगं, पांढरी चादर आहे का?"

"आहे की. पांढरीच आहे, फुलं सोडली तर."

फुलं मोठाली होती, लालभडक. पण काम भागत होतं.

काही बुधवार गेले. एकदा वन्संनी वर्गाला सांगितलं, पलीकडच्या मुलांची चित्रं काढा. पोरांनी काढली, आणि प्रत्येकाने, न चुकता, त्या मुलांच्या गालावर, कपाळावर, एखाद्याने तर हनुवटीवरही लाल फुलं काढली. वर्गात शाळेच्या अध्यक्षांची नात आहे. कोणत्याही गोष्टीवर वाद घालते म्हणून सगळे तिला वकिलीणबाई म्हणतात. तिने वन्संना समजावून सांगितलं, "बाई, ते लोक असेच असतात. त्यांना फुलं येतात."

मला हे ऐकून हसू आवरेना. वन्सं मात्र माझ्या मशीनपाशी ती चित्रं मांडीवर घेऊन बसल्या आणि समोरचा चहा पार गार झाला. "हसतेस काय? चादर आपली, आणि फुलं त्यांच्या गालावर," त्या म्हणाल्या. "मीच शिकवलं की हे त्यांना."

पुढच्या बुधवारी त्यांनी ती चित्रं कॅमेऱ्यापुढे धरली. पलीकडची पोरं हसून लोळायला लागली. एक मुलगा तर कॅमेऱ्याला नाक लावून गाल चोळून दाखवत होता, बघा, काही नाही! मग वन्संनी वर्गासमोर चादर ओढून काढली आणि चित्र उघड्या भिंतीवर पडलं. वकिलीणबाईंनी नीट निरखून पाहिलं. "आता त्याच्या नाकावर भेग आहे," ती म्हणाली, "पण ती भिंतीची आहे."

त्या दिवसापासून वर्गात एक नियम झाला. ज्यांची गोष्ट, त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्याबद्दल काही सांगायचं नाही. आणि दोघी बाईंनी मिळून आणखी एक पद्धत पाडली, ती अर्ध्या गोष्टीची. एका बाजूने गोष्ट अर्धीच सांगायची. दुसऱ्या बाजूने आठवडाभर डोकं लढवून तिचा शेवट करायचा, आणि मग पहिल्यांनी आपला मूळ शेवट सांगायचा. पोरं असली कान टवकारून ऐकायची! नीट ऐकलं नाही तर शेवट कसला करणार? पलीकडच्या गोष्टीतलं मधचोर अस्वल आमच्या पोरांनी दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं. तिकडे ते फार आवडलं म्हणे.

सगळ्यांनाच हे रुचलं असं नाही. पलीकडची मुलं निरोप घेताना दोन्ही अंगठे कपाळाला लावतात. आमच्या पोरांनी ते उचललं. पोस्टमनच्या पोराने घरी आजोबांना तसं केलं आणि पोस्टमन तक्रार घेऊन शाळेत हजर.

"बाई, उद्या हा आपलं सगळं विसरेल!"

"विसरायला आधी शिकवावं लागतं," वन्सं म्हणाल्या. "काय काय शिकवलंय तुम्ही त्याला?"

पोस्टमन तसेच परत गेले. वन्संचा स्वभाव हा असा. माणसं जोडायची म्हणतात आणि बोलतात असं.

त्यानंतर अध्यक्षांनी 'जगाची सफर' आणली. अध्यक्ष माणूस वाईट नाही, पण नवीन वस्तू दिसली की त्यांचं भान सुटतं. भिंतभर टीव्ही आला, त्याच्यासोबत एक तयार कार्यक्रम. एकेका देशाचा झेंडा; तो दाबला की त्या देशाचा माणूस उडी मारून बाहेर येणार, गिरकी घेणार, त्याच्याबद्दल एक आवाज चार वाक्यं बोलणार आणि मुलाला चांदणी मिळणार. चांदण्या पुरेशा झाल्या की मुलाच्या फोटोसकट प्रमाणपत्र. पालक खूष. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर शेळ्यांना प्रमाणपत्र द्यायचं, असा तो प्रकार होता.

"बाई, आता ती बुधवारची भानगड बंद करा," अध्यक्षांनी वन्संना बोलावून सांगितलं. "मध्येच लाइन तुटते, कोण कुठली पोरं, काय बोलतात कुणाला कळत नाही. हे बघा कसं, बटण दाबलं की जग हजर."

"पण साहेब, बटणाला प्रश्न विचारता येत नाही."

"चार वर्षांच्या पोरांना कशाला हवेत प्रश्न?"

वन्सं घरी आल्या त्या पर्स पलंगावर फेकूनच. राग अध्यक्षांचा होताच, पण त्याहून मोठी अडचण दुसरी होती. आदल्या बुधवारी पलीकडच्यांनी अर्धी गोष्ट सांगून ठेवली होती. एक मुलगी बकरी घेऊन पुलावर येते. बकरीला पलीकडचं गवत हवंय. पुलाच्या तोंडाशी एक म्हातारा बसलेला, तो म्हणतो, जाऊ नकोस, पलीकडच्या माणसांना शिंगं असतात. बस, इथे थांबले होते. येत्या बुधवारी शेवट आमच्या पोरांनी सांगायचा होता.

"ती पोरं तिकडे वाट बघत बसणार," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "कुणाची अर्धी गोष्ट ठेवून घ्यायची आणि तोंड लपवून बसायचं? आपण काय चोर आहोत? नाही म्हणजे नाही. शेवट सांगितल्याशिवाय मी बंद करणार नाही."

मग आला पालकांचा मेळावा. 'जगाची सफर' सगळ्यांना दाखवायची, आणि पहिलं बटण वन्संनी दाबायचं. आमच्या ह्यांना सकाळपासून धडकी भरली होती. "ताई काहीतरी करणार," एवढंच म्हणत ते माझ्या शेजारी खुर्चीच्या कडेवर बसून होते.

वन्सं शांतपणे टीव्हीपाशी गेल्या. "जगाच्या सफरीला निघायच्या आधी आपण आपल्या घरी जाऊ," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्याच देशाचा झेंडा दाबला. अध्यक्षांनी कौतुकाने मान डोलावली.

टीव्हीवर एक डोंगर आला. डोंगराखाली झोपड्या, झोपड्यांपुढे माणसं, आणि माणसं नाचत होती. एक बाई डोक्यावर मडकं घेऊन नाचत होती, मडक्यावर पोपट. गोड आवाजात एक बाई सांगायला लागली, "हे साधे, आनंदी लोक आहेत. त्यांना दिवसभर नाचायला आवडतं. ते प्राण्यांशी बोलतात." माझं लक्ष त्या नाचणाऱ्या बाईच्या कपड्यांकडे. अंगातल्या झग्याला मुंढाच नव्हता, हात घातला कुठून असेल कोण जाणे.

मग पुढच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "बाई, हे लोक कुठे राहतात?"

मागून पोस्टमन उठले. "अहो, मी जन्मात एकदा नाचलोय. माझ्या लग्नात. तेही मित्रांनी ओढलं म्हणून!"

हशा पिकला. अध्यक्षांचा चेहरा पडला, पण त्यांनी लगेच सावरून घेतलं. "आपलं तेवढं जरा चुकलंय," ते म्हणाले. "बाकीच्यांचं बरोबर असेल."

मी कपाळावर हात मारला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे लहानपणापासून ऐकत आले होते. ते असं माइकवरून कुणाला बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. दुरून डोंगर साजरे दिसतात म्हणे. माणसं दुरून साजरी दिसत नाहीत, नुसती नाचताना दिसतात.

"साहेब, हीपण चादरच आहे," वन्सं म्हणाल्या. "फक्त महाग."

मोठ्या माणसांना काहीच कळलं नाही. पोरांना कळलं, ती खिदळायला लागली. आणि आपण काय हुकलो ते कळेना म्हणून अध्यक्ष जास्तच चिडले.

"पुरे झालं, बाई. बुधवार बंद. शाळेत तो लॅपटॉप पुन्हा उघडायचा नाही."

"शाळेत नाही उघडणार," वन्सं म्हणाल्या. असं पटकन ऐकताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला संशय आलाच.

संशय खरा निघाला. वन्संनी घरोघरी निरोप धाडला, बुधवारी शाळा सुटल्यावर आमच्या पुढच्या खोलीत. माझं मशीन स्वयंपाकघरात गेलं, कापायचं टेबल भिंतीला लागलं, अर्धवट शिवलेले कपडे ह्यांच्या पलंगावर. फोटोवाला प्रोजेक्टर लावून गेला. चादर कुणी मागितली नाही. भिंत होती तशी चालणार होती. पलीकडच्या बाईंनीही वेळ बदलून घेतली होती. त्यांच्याकडे तेव्हा रात्र झाली होती. पोरं स्वेटर घालून, डोळे चोळत येऊन बसलेली लॅपटॉपवर दिसत होती.

इकडे मात्र खोली रिकामी होती.

वन्सं खिडकीत जात होत्या, परत येत होत्या. "कुणी आलं नाही तर?" त्या म्हणाल्या. मला इतकं वाईट वाटलं! या बाईला मी इतकी वर्षं मनातल्या मनात खडूस म्हणत आले होते.

"नाही आलं तर तुम्ही मुलगी व्हा, मी बकरी होते," मी म्हटलं. "शेवट करूनच उठू."

त्या हसणार तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. सगळ्यात आधी कोण यावं? पोस्टमन, पोराला कडेवर घेऊन. "ऐकतच नाही," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "बकरीचं काय झालं, बकरीचं काय झालं, घर डोक्यावर घेतलंय." मग फोटोवाल्याची जुळी आली, मग आणखी दोघं, मग नुसती रीघच. आणि वकिलीणबाई आल्या त्या आजीचा हात धरून. आजी म्हणजे साक्षात अध्यक्षांच्या पत्नी. "ह्यांना सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून माझ्या कापायच्या टेबलावर बसल्या.

भिंतीवर पलीकडची पोरं उजळली. दोन्हीकडून अंगठे कपाळाला लागले. मी पाहिलं, पोस्टमनचाही एक अंगठा अर्ध्यापर्यंत गेला आणि त्यांनी तो कान खाजवायला वापरला.

शेवट कुणी सांगायचा हे वर्गात आधीच भांडून ठरलं होतं. वकिलीणबाई पुढे आल्या. तेवढ्यात दार अंधारलं. अध्यक्ष दारात उभे होते. नातीला शोधत आले असणार. घाम, धाप, आणि तोंडावर तयार असलेलं भाषण. वन्संनी त्यांच्याकडे बघितलंदेखील नाही. "सांग," त्या पोरीला म्हणाल्या.

पोरीने आजोबांना पाहिलं नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून, खणखणीत आवाजात बोलली.

"मग मुलीने म्हाताऱ्याला विचारलं, तुम्ही गेला होतात का तिकडे? म्हातारा म्हणाला, नाही. मग मुलगी म्हणाली, मग बाजूला व्हा. आणि ती आणि बकरी गेली."

फोनने ते आपल्या सपाट आवाजात पलीकडे सांगितलं. मग तिकडे सगळा वर्ग उठून उभा राहिला आणि असा गलका झाला की माझ्या कपाटावरच्या बरण्या वाजल्या. टेबलावर बसलेल्या आजीबाईंनी तोंडाला पदर लावला.

अध्यक्ष तसेच दारात. त्यांच्यामागे उशिरा आलेल्या दोन आया पोरांना घेऊन ताटकळत होत्या, पण आत यायला वाटच नव्हती. अध्यक्षांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. ते किंचित सरकले, पोरं त्यांच्या हाताखालून आत शिरली, आणि ते मात्र उंबऱ्यावरच राहिले, ना आत ना बाहेर.

पलीकडून तो गाल चोळणारा मुलगा कॅमेऱ्याजवळ आला होता. आमच्या खोलीकडे बोट दाखवून तो काहीतरी म्हणाला. फोन बोलला, "दारात उभा असलेला माणूस कोण आहे? तो कसा आहे?"

सगळी खोली वन्संकडे बघायला लागली. बोलायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं. त्या काय बोलू शकतात ते मला माहीत आहे, अध्यक्षांनाही माहीत होतं. त्यांनी चक्क डोळे मिटून घेतले होते.

वन्संनी लॅपटॉप उचलला आणि त्याचं तोंड दाराकडे फिरवलं.

"ते मी कसं सांगणार?" त्या म्हणाल्या. "ते समोर आहेत. त्यांनाच विचार."